भरवसा घडतो कसा?

1948 च्या सप्टेंबरपर्यंत आष्टी निजामाच्या राज्यात होती आणि 1947 पर्यंत सीनेच्या पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा होता. बाजारहाट, सोयरीक, पंढरीची वाट हे सगळे दोन्हीकडे पसरलेले, राज्ये मात्र दोन. या दोन्ही राज्यांच्या मोठ्या शहरांत त्या काळी एक मंडळी बंद दाराआड भरत असे. तिच्या इमारतीला लोक ‘जादूघर’ म्हणत. दारावर पहारेकरी उभा, आत जाणारे सगळे काळ्या कोटातले प्रतिष्ठित गृहस्थ, आणि बाहेर आल्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. लोकांच्या मनात नाही नाही त्या शंका येणारच.

ती मंडळी म्हणजे फ्रीमेसन. त्यांची बंधुसभा म्हणजे लॉज. हैदराबादेत कुतुबशाहीच्या अखेरच्या सुलतानाच्या, अबुल हसन तानाशाहच्या काळातली गोशामहल बारादरी 1872 मध्ये फ्रीमेसनांकडे आली. मुंबईच्या फोर्टात 1897 मध्ये उभा राहिलेला फ्रीमेसन्स हॉल आजही वापरात आहे.

आष्टीच्या वाचकाला या सभेशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे आहे. रक्ताचे नाते नाही, जात एक नाही, कधी कधी भाषाही एक नाही, अशा माणसांत भरवसा कसा निर्माण होतो, हा या सभेचा खरा विषय आहे. आणि तो प्रश्न आपल्या सप्ताहाच्या मांडवातही आहे, बचत गटाच्या बैठकीतही आहे आणि ऊसतोडीच्या टोळीतही आहे. भरवसा माणसाच्या स्वभावावर सोडून चालत नाही. काही रीती वर्षानुवर्षे नेमाने पाळाव्या लागतात, तेव्हा तो घडतो, असे माझे ठाम मत आहे. फ्रीमेसनांच्या इतिहासात त्या रीती स्वच्छ दिसतात, आणि त्या बिघडल्या की काय होते तेही दिसते.

दगड घडवणाऱ्यांची खूण

या बंधुसभेचे मूळ स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या पाथरवटांत आहे. चर्च, किल्ले, पूल बांधणारा कारागीर एका गावचा राहत नसे. काम संपले की तो पुढच्या कामावर जाई. तिथे त्याला कुणी ओळखत नसे, हाताशी दाखला नसे. नवा आलेला माणूस खरोखर शिकलेला कारागीर आहे की भुरटा, हे मुकादमाने ओळखायचे कसे? त्यावर तोडगा म्हणून ठरलेला शब्द आणि हात मिळवण्याची ठरलेली तऱ्हा आली. शिकून तयार झालेल्यालाच ती सांगितली जाई. कामावरच्या झोपडीवजा निवाऱ्याला लॉज म्हणत, तेच नाव पुढे सभेला चिकटले. 1598 आणि 1599 मध्ये विल्यम शॉ या राजाच्या बांधकाम-अधिकाऱ्याने स्कॉटलंडमधल्या अशा लॉजांसाठी लेखी नियम घालून दिले. एडिंबरोच्या लॉजचे 1599 पासूनचे इतिवृत्त आजही उपलब्ध आहे.

पुढच्या शतकात दगडाला कधी हात न लावलेले जमीनदार, वैद्य, विद्वान या लॉजांत येऊ लागले. 1717 मध्ये लंडनमधल्या चार लॉजांनी एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज काढली, असे परंपरा सांगते. हातोडी, छिन्नी, गुण्या, ओळंबा ही अवजारे राहिली, पण आता ती शिकवणीपुरती. गुण्या सांगतो, वागणे काटकोनात ठेव. पाणसळ सांगते, सगळे एका पातळीवर आहेत. ओळंबा सांगतो, सरळ उभा राहा. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्याही ठरल्या.

हिंदुस्थानात ही सभा कंपनी सरकारच्या जहाजांतून आली. 1730 च्या सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये, 1750 च्या दशकात मद्रास आणि मुंबईत लॉज निघाल्या. सगळे बंधू समान, ही त्यांची शिकवण. पण हिंदी माणसाने दार ठोठावले तेव्हा ते सहजासहजी उघडले नाही.

माणकजींना मिळालेला नकार

माणकजी कर्सेटजी हे मुंबईतले पारशी गृहस्थ. इंग्रजी उत्तम, कायद्याचा अभ्यास, पुढे स्मॉल कॉज कोर्टात न्यायाधीश झाले. मुलींच्या शिक्षणासाठी ते आयुष्यभर झटले. 1863 मध्ये सुरू झालेली अलेक्झांड्रा मुलींची शाळा हे त्यांचेच काम. 1840 च्या आसपास त्यांनी मुंबईतल्या एका लॉजकडे प्रवेश मागितला. नकार मिळाला. माणकजींनी नाद सोडला नाही. युरोपच्या प्रवासात पॅरिसच्या एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली आणि फ्रीमेसन होऊनच ते मुंबईला परतले. आता मुंबईकर साहेबांपुढे पेच उभा राहिला. पॅरिसने ज्याला भाऊ म्हटले, त्याला मुंबईने परका म्हणायचे कसे?

हा पेच डॉ. जेम्स बर्न्स यांनी सोडवला. बर्न्स हे स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे पश्चिम हिंदुस्थानातले प्रमुख. त्यांचे दोन भाऊ, अलेक्झांडर आणि चार्ल्स, 1841 च्या नोव्हेंबरात काबूलमध्ये जमावाच्या हातून मारले गेले होते. इतका घाव बसलेल्या माणसाने आशियातल्या माणसांकडे पाठ फिरवली असती तरी कुणी दोष दिला नसता. पण दोनच वर्षांनी, 15 डिसेंबर 1843 रोजी, बर्न्स यांच्याच पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत सुरू झाली. ती हिंदी लोकांना घेण्यासाठीच काढलेली होती. पारशी आले, मुसलमान आले. अवेस्ता आणि प्राचीन इराण यांचे अभ्यासक खरशेटजी रुस्तमजी कामा याच लॉजमध्ये 1854 मध्ये दाखल झाले आणि पुढची पन्नास वर्षे त्यांनी या सभेला वाहून घेतले.

शपथ कशावर घ्यायची, हा प्रश्न लगेच आला. लॉजच्या मधोमध एक चौरंगवजा वेदी असते, तिच्यावर धर्मग्रंथ उघडा ठेवलेला असतो आणि नवागत त्यावर हात ठेवून शपथ घेतो. पारशी बायबलवर हात ठेवून काय शपथ घेणार? त्याला स्वतःचा ग्रंथ हवा. मुसलमानाला कुराण हवे. मग एकाच वेदीवर अनेक ग्रंथ आले. आज भारतातल्या लॉजच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहेब आणि अवेस्ता असे ग्रंथ शेजारी शेजारी असतात. ज्याला जो ग्रंथ खरा वाटतो त्यावरच तो हात ठेवतो. दुसऱ्याच्या श्रद्धेची शपथ माणूस तोंडदेखली घेईल, स्वतःच्या श्रद्धेची मोडताना त्याला भीती वाटेल. हे शहाणपण पुस्तकी चर्चेतून आलेले नाही, अडचणीतून आले आहे.

हिंदूंची वाट त्याहून खडतर होती. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्त यांनी 1863 मध्ये अर्ज केला. हिंदू अनेक देव मानतात, तेव्हा एका परमेश्वराची शपथ ते कशी घेणार, अशी हरकत निघाली. दत्तांनी नऊ वर्षे लिखापढी केली आणि 1872 मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. त्यानंतर बाराच वर्षांनी, 1884 मध्ये, कलकत्त्याच्याच ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक तरुण दाखल झाला. जग त्याला पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

बंद दाराआडच्या चार रीती

आत काय चालते, याचे कुतूहल फार असते. विधींची पुस्तके केव्हाच छापली गेली आहेत. खुणेचे शब्द आणि हात मिळवण्याच्या तऱ्हा सोडल्या तर झाकण्यासारखे थोडेच उरले आहे. भरवशाच्या दृष्टीने पाहिले तर चार रीती महत्त्वाच्या आहेत.

पहिली रीत प्रवेशाची. सभासदाने नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, मग चौकशी होते आणि शेवटी गुप्त मतदान. एका लाकडी पेटीत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या टाकल्या जातात. हात पेटीच्या आत असतो, त्यामुळे कुणी कोणती गोटी टाकली हे शेजाऱ्यालाही दिसत नाही. काळी गोटी आली की प्रवेश अडतो. रीत कठोर आहे, पण तिच्यामागे विचार आहे. माणूस आत आला की त्याच्या अडीनडीला धावून जायचे सगळ्यांवर बंधन येते. तेव्हा त्याला घेण्याची जबाबदारीही सगळ्यांची असली पाहिजे.

दुसरी रीत दीक्षेच्या वेळची, आणि मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. दीक्षेला येणाऱ्याकडचे सगळे धातू आधी काढून घेतात. अंगठी, घड्याळ, खिशातली नाणी, काहीच अंगावर ठेवत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत नेतात. विधीच्या ओघात त्याच्यापुढे दानाची थाळी येते. गरजू बंधूंसाठी काही द्या, असे सांगतात. तो खिसे चाचपतो. द्यायची इच्छा आहे, हातात एक दमडी नाही. भरल्या सभेत तो ओशाळतो. मग त्याला सांगितले जाते की ही चेष्टा नव्हती. पुढे एखादा भाऊ रिकाम्या हाताने तुझ्या दारात उभा राहील, तेव्हा आजची ही घडी आठव. मदत करणाऱ्याने एकदा तरी नादारीची लाज स्वतः चाखलेली असावी, म्हणजे मदत करताना त्याचा सूर वरचढ राहत नाही.

तिसरी रीत बसण्याची आणि पदाची. लॉजचा प्रमुख पूर्वेला बसतो, त्याचे दोन साहाय्यक पश्चिमेला आणि दक्षिणेला. प्रमुखपद साधारण वर्षाने बदलते. काल अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला आज इतरांसारखा रांगेत बसतो. बाहेर साहेब आणि कारकून, आत दोघे बंधू, कमरेला दोघांच्याही कोकराच्या कातड्याचा एप्रन. वसाहतीच्या काळात एखादा इंग्रज अधिकारी एखाद्या पारशी व्यापाऱ्याच्या अध्यक्षतेखाली बसतो, हे दृश्य लॉजबाहेर दुर्मीळ होते.

चौथी रीत पैशाची आणि सेवेची. खजिनदार वेगळा, हिशेब तपासणारे वेगळे. आणखी एक पद असते, ते आजारी सभासद, त्यांच्या विधवा आणि मुले यांची विचारपूस करणाऱ्याचे. कोण बरेच दिवस सभेला आला नाही, कुणाच्या घरी अडचण आहे, हे पाहणे त्याचे काम. कुणाला मदत केली याचा बोभाटा करायचा नाही. धर्म आणि राजकारण यांवरचा वाद लॉजमध्ये काढायचाच नाही, हा नियमही याच रीतीचा भाग मानावा लागेल. वाद बाहेर ठेवला म्हणून तर वेगवेगळ्या विचारांची माणसे आत टिकली.

स्वातंत्र्यानंतर 24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान तिचे पहिले प्रमुख झाले. दरवर्षी तो दिवस बंधुता दिन म्हणून पाळतात.

भरवसा बिघडतो तेव्हा

हे सगळे मान्य करूनही या सभेच्या उणिवा झाकता येत नाहीत. मुख्य प्रवाहातल्या लॉजांत स्त्रियांना प्रवेश नाही. त्यावर उत्तर म्हणून स्त्री-पुरुष दोघांना घेणारी शाखा फ्रान्समध्ये निघाली. ॲनी बेझंट 1902 मध्ये पॅरिसला तिच्यात दाखल झाल्या आणि त्यांनी ती हिंदुस्थानात आणली. शिवाय ही सभा प्रामुख्याने शहरातल्या शिकल्या-सवरलेल्या, खिशात चार पैसे असलेल्या लोकांचीच राहिली. समानता होती, पण उंबऱ्याच्या आतली.

गुप्तता हा त्याहून मोठा धोका. इटलीत 1981 मध्ये ‘पी टू’ नावाच्या एका लॉजची यादी पोलिसांच्या हाती लागली. त्यात मंत्री, लष्करी अधिकारी, न्यायाधीश, बँकवाले यांची नावे होती. बंधुभावाच्या नावाखाली सत्तेचे समांतर जाळे विणले जात होते. सरकार कोसळले. ज्या दाराने भरवसा जपायचा तेच दार कट झाकायला वापरले गेले. एकमेकांवरचा भरवसा वाढत गेला आणि समाजाला उत्तर द्यायची सवय सुटली की बंधुसभेची टोळी होते.

मराठी माणसांच्या बंधुसभा

मुंबईत रायझिंग स्टार निघाल्यानंतर सहा वर्षांनी, 1849 मध्ये, तिथेच परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिच्या संस्थापकांत होते. तीही गुप्त होती. जातिभेद मोडायचा हा तिचा हेतू. सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. त्या काळी ही गोष्ट बाहेर फुटली तर माणूस वाळीत पडला असता. म्हणजे प्रत्येक सभासदाची इज्जत बाकीच्यांच्या हातात होती. सभा अकरा वर्षे तगली. 1860 मध्ये सभासदांची नावे असलेले कागद चोरीला गेले आणि भीतीने सभा मोडली. गुप्ततेवर उभारलेला भरवसा एका चोरीने संपला.

जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, तेव्हा वाट वेगळी धरली. सभासद होताना शपथ होती, नियमित बैठका होत्या, वर्गणी होती. पण सगळे उघड्यावर होते. समाजाचे अहवाल छापले जात. सर्व जातिधर्मांना दार मोकळे होते आणि स्त्रियांनाही, सावित्रीबाई स्वतः कामात पुढे होत्या. 1877 च्या दुष्काळात या समाजाने पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली. शपथ आणि सेवा टिकवून गुप्तता टाकून देता येते, याचा हा मराठी दाखला आहे.

आष्टीच्या मांडवात

आता आपल्या भागात येऊ. शेजारच्या पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड आहे. वामनभाऊ महाराजांच्या परंपरेतला गडाचा नारळी सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावी होतो. काल्याच्या कीर्तनानंतर पुढच्या वर्षाचा नारळ दुसऱ्या गावाला देतात. कागद नाही, सही नाही, अनामत नाही. नारळ घेतला म्हणजे गावाने शब्द दिला. पुढे वर्षभर वर्गणी, मांडवाची जागा, पाण्याचे टँकर यांची तयारी त्या एका नारळामागे चालते. दुष्काळ पडो, निवडणुकीत गावात दोन तट पडोत, नारळ घेतलेले गाव मागे हटत नाही.

सप्ताहाच्या मांडवात खांबाला एक कागद लावलेला असतो. त्यावर पहाऱ्याची पाळी लिहिलेली असते, रात्री बारा ते दोन हे चौघे, दोन ते चार ते चौघे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पाळी संपली की वीणेकरी पुढच्याला वीणा देतो आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. वय, जमीन, जात यांचा त्या क्षणी हिशेब नसतो. पहाटे दोनला आपल्या जागी कुणी येईल, हा भरवसा मनात असतो म्हणून आधीचा माणूस जागा राहतो. आसपासच्या गावांतून घरोघरच्या भाकरी टोपल्यांतून, ट्रॅक्टरमधून येतात आणि मांडवात कढईत आमटी शिजते. कुणाच्या घरची भाकरी कुणाच्या ताटात गेली, हे कुणी विचारत नाही. परमहंस सभेला जे चोरून करावे लागले, ते इथे हजारो माणसे उजेडात करतात.

दुसरे ठिकाण बचत गटाची बैठक. नाबार्डने 1992 मध्ये गटांना बँकेशी जोडण्याची योजना सुरू केली. दहा ते वीस बायका, एक अध्यक्ष, एक सचिव, एक कोषाध्यक्ष. गटांना पंचसूत्री शिकवतात : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. कुणी हप्ता घेऊन आली नाही तर बाकीच्या तिच्या घरी जातात. पैसे मागायला जातात, आणि चूल पेटली आहे का हेही पाहून येतात. लॉजमध्ये विचारपूस करणाऱ्याचे जे पद असते, ते काम इथे सगळ्याच जणी करतात. ज्या बायकांना फ्रीमेसनांनी बाहेर ठेवले, त्यांनी त्याच रीती आपल्या ओसरीवर उभ्या केल्या.

तिसरे ठिकाण मात्र दुखरे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, अनेक कोयत्यांची टोळी. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती भरवशावरच. पण या भरवशाची वही एकाच बाजूकडे असते. किती उचल, किती ऊस तुटला, किती फिटले, किती बाकी, हे मजुराच्या हाती लिहून मिळत नाही. हंगाम संपला तरी बाकी निघते आणि पुढच्या वर्षाला तेच घर पुन्हा बांधले जाते. टोळीतल्या माणसांची आपसातली माया खरी असते. आजारी पडलेल्याचा वाटा बाकीचे तोडतात, एकमेकांची लेकरे सांभाळतात. तरीही वही बंद असेल तर या मायेला कुणीही लुबाडू शकतो.

मंडळ तपासण्याचे चार प्रश्न

मुंबईच्या लॉजपासून आष्टीच्या ओसरीपर्यंत पाहिले तर भरवशाचा कारखाना सगळीकडे सारखाच चालतो. म्हणून गावातल्या कोणत्याही मंडळाला, पतसंस्थेला, यात्रा कमिटीला चार प्रश्न विचारावेत. माणूस आत कसा येतो, आणि तो कुणाच्या शब्दावर येतो? खुर्ची दरवर्षी फिरते का, की एकाच घरात राहते? वही कुणाकुणाला बघायला मिळते? आणि अडचणीतल्या सभासदाच्या घरी पहिले कोण जाते?

त्याला पाचवा प्रश्न सत्यशोधकांनी जोडून दिला आहे, आणि तो सगळ्यांत अवघड आहे : बाहेर कोण राहिले? वस्तीवरची माणसे, एकट्या बायका, हंगामाला गेल्यामुळे बैठकीला येऊ न शकणारी कुटुंबे यांची नावे यादीत नसतील, तर आतला बंधुभाव कितीही घट्ट असला तरी तो अर्धाच.

हे प्रश्न विचारल्याने गावात वाईटपणा येतो, असे पुष्कळांना वाटते. चोख हिशेब दाखवणाऱ्याला अशा प्रश्नाने ओझे होत नाही, उलट त्याची मान ताठ होते. येत्या सप्ताहाची वर्गणी गोळा होईल तेव्हा जमाखर्चाचा कागद पहाऱ्याच्या कागदाशेजारी त्याच खांबाला लावावा, आणि कोषाध्यक्ष या वर्षी दुसरा निवडावा. सुरुवात करायला एवढे पुरे आहे.